जनगढसिंह श्याम : भिंतीला लाभलेले नाव

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, मुंबई-हावडा लोहमार्गावरील दरेकसा स्थानकाच्या परिसरात, अरण्याने वेढलेली कचारगडची विशाल गुंफा आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड व तेलंगण या राज्यांतून गोंड समाजाचे हजारो स्त्रीपुरुष तेथे एकत्र येतात. त्यांची श्रद्धा अशी की, काली कंकालीची तेहतीस बालके शंभूने या गुंफेत कोंडली आणि तिच्या मुखाशी प्रचंड शिळा ठेवली. पुढे पहांदी पारी कुपार लिंगो यांच्या प्रेरणेने हिरासुका पाटालीर नावाच्या वादकाने सूर छेडले. त्या सुरांनी बालकांच्या अंगी बळ संचारले, शिळा सरकली आणि मुले प्रकाशात आली. वादक मात्र त्याच शिळेखाली सापडून प्राणास मुकला. बाहेर आलेल्या मुलांना लिंगोंनी जी जीवनरीत शिकविली, तिलाच गोंड समाज कोया पुनेम म्हणतो.

गढा-मंडला, देवगड, खेरला व चांदा अशी राज्ये ज्या समाजाने उभारली, त्याच्या उगमकथेत मुक्तीचे श्रेय एखाद्या राजाला न मिळता एका वादकाला मिळावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. गाणाऱ्या-वाजविणाऱ्या माणसाचे समाजावर ऋण असते, ही जाणीव तिच्यात आहे. आणि ते ऋण फेडण्याआधीच तो माणूस हातचा जातो, ही खंतही तिच्यात आहे. गोंडांच्या वंशकथा व देवकथा वाद्यावर गाऊन जतन करण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या परधान या जमातीने केले. त्याच जमातीत जन्मलेले आणि घराच्या मातीच्या भिंतीवरील रंगरेषा भोपाळच्या विधानभवनापर्यंत व पॅरिसच्या कलादालनापर्यंत नेणारे चित्रकार म्हणजे जनगढसिंह श्याम. त्यांच्या निधनाला दोन तपे उलटली. आज शहरातील असंख्य दिवाणखान्यांत ठिपक्या-रेघांनी भरलेली हरणे, मोर आणि झाडे टांगलेली दिसतात. घर सजविणाऱ्या मध्यमवर्गाला ती गोंड चित्रे म्हणून ठाऊक असतात. परंतु ही शैली आज ज्या रूपात आपल्यासमोर आहे, ते रूप एका माणसाने घडविले हे फारच थोड्यांना माहीत असते. म्हणूनच त्यांच्या जीवनाची उजळणी करणे अगत्याचे आहे.

शिरगणतीत जन्मलेला मुलगा

मैकल पर्वताच्या रांगांत, त्या वेळच्या मंडला व आताच्या दिंडोरी जिल्ह्यात, पाटनगढ नावाचे एक लहानसे गाव आहे. १९६०-६२ च्या सुमारास तेथील एका गरीब परधान कुटुंबात जनगढ यांचा जन्म झाला. त्या वेळी जनगणनेचे काम चालू होते, म्हणून मुलाचे नाव जनगढ पडले, असे सांगितले जाते. सरकारी शिरगणतीत ज्यांची गणना केवळ एका आकड्याने होत आली, त्यांच्यातील एका मुलाने त्या शिरगणतीवरूनच स्वतःचे नाव घ्यावे आणि पुढे ते नाव एका चित्रशैलीला मिळावे, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे.

गोंदिया-भंडारा आणि मंडला हे मुलूख आज वेगवेगळ्या राज्यांत असले, तरी १९५६ पर्यंत ते नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतात होते. पाटनगढशी मराठी माणसाचा आणखी एक जुना संबंध आहे. व्हेरिअर एल्विन यांच्यासोबत १९३२ साली मैकलच्या डोंगराळ भागात सेवाकार्यासाठी गेलेले शामराव हिवाळे हे मराठी गृहस्थ तेथील परधानांत वर्षानुवर्षे राहिले आणि १९४६ साली त्यांनी नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर इंग्रजीत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. एल्विन यांनीही १९५१ साली मध्य भारतातील आदिवासी कलेवरील आपल्या पुस्तकात भिंतींवरील चित्रे व मातीचे उठावकाम यांची दखल घेतली. जनगढ यांच्या जन्मापूर्वीच त्यांच्या समाजाविषयी इतके लिहिले गेले होते. उणीव होती ती एवढीच की, त्या लेखनात भिंती रंगविणारे हात बहुधा निनावीच राहिले होते.

परधानांच्या चरितार्थाची रीत समजल्याशिवाय जनगढ यांच्या आयुष्याचा अर्थ नीट उलगडत नाही. प्रत्येक परधान घराण्याकडे काही गोंड घरे यजमान म्हणून बांधलेली असत. दर तीन वर्षांनी परधान आपला बाना, म्हणजे तीन तारांचे वाद्य, खांद्यावर घेऊन यजमानाच्या घरी जाई, बडादेवाला आळवी, यजमानाच्या कुळाची कीर्ती गाई आणि धान्य, वस्त्र, क्वचित गुरेढोरे असे दान घेऊन परते. हा व्यवहार रोख पैशाचा नव्हता. तो परस्परांच्या गरजेचा व मानाचा होता. पण जंगलावरचे हक्क आक्रसले, सावकारी कर्जापायी जमिनी गेल्या, यजमानच कंगाल झाला, तेव्हा त्याच्यावर अवलंबून असलेल्या गायकाची विद्या निरुपयोगी ठरू लागली. ज्या गुणाला गिऱ्हाईक उरले नाही तो गुण टिकवायचा कसा, हा अर्थशास्त्रातील रूक्ष वाटणारा प्रश्न परधानांच्या घरात चुलीपर्यंत येऊन पोहोचला होता. जनगढ यांची शाळा लवकर सुटली, गुरे राखणे व दूध विकणे हे उद्योग त्यांनी केले आणि कोवळ्या वयातच त्यांचा नानकुसिया यांच्याशी विवाह झाला.

सारवलेल्या भिंतीचे शास्त्र

तथापि, या घरात दारिद्र्य असले तरी भिंती ओक्याबोक्या नव्हत्या. शेणमातीने सारवलेल्या जमिनीवर आणि भिंतीच्या खालच्या पट्ट्यावर परधान स्त्रिया बोटांनी व चिंधीने भौमितिक आकृत्या काढतात. त्यांना ढिगना म्हणतात. सणावाराला, लग्नकार्याला आणि पावसाळ्यानंतर घर पुन्हा लिंपले की ढिगना नव्याने उमटतो. काही घरांत ओल्या मातीने भिंतीवर उठावाची चित्रे घडवितात. पांढऱ्यासाठी छुई माती, तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी रामरज, काळ्यासाठी कोळसा अथवा काळी माती, असे सारे साहित्य गावाच्या शिवारातच मिळते. आपल्या झाडीपट्टीतही पांढऱ्या मातीने पोतारलेली भिंत, तिच्या पायथ्याशी गेरूचा पट्टा आणि सारवलेल्या अंगणात रांगोळी हे दृश्य कालपरवापर्यंत सर्वत्र होते, हे वाचकांना वेगळे सांगावयास नको.

गृहसजावटीच्या दृष्टीने या भिंतीत एक मोठे शहाणपण आहे. येथे सजावट आणि दुरुस्ती ही दोन स्वतंत्र कामे नाहीत. पावसाच्या माऱ्याने भिंतीचा जो भाग सर्वांत आधी झिजतो, त्याच भागावर मातीचा नवा थर बसतो आणि तोच भाग रंगतो. उन्हाचा प्रकाश आत कोठून येतो, बसणाऱ्याची पाठ कोठे टेकते, धान्याची कोठी कोठे आहे, यांवर आकृतीची जागा ठरते. घर आधी बांधून मग सुशोभित करावे, ही कल्पनाच त्या रचनेला परकी आहे. या कामाला रोख खर्च जवळजवळ नसतो. लागतात ते घरातील स्त्रीचे कष्ट आणि तिची नजर. गृहिणीने स्वतःच्या घरासाठी केलेले असे काम राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात धरले जात नाही. तीच आकृती कारखान्यात चादरीवर छापली की मात्र तिची गणना उत्पादनात होते. जनगढ यांचे पुढील आयुष्य या विसंगतीच्या दोन्ही तीरांवर गेले.

पाटनगढ ते भोपाळ

१९८१ च्या सुमारास भोपाळ येथे भारत भवन हे कलाकेंद्र आकार घेत होते. त्यातील रूपंकर या कलासंग्रहालयाचे संचालक होते चित्रकार जगदीश स्वामिनाथन. आदिवासी कलावंत हे भूतकाळाचे अवशेष नसून आजचेच कलावंत आहेत आणि त्यांच्या कृती नागर चित्रकारांच्या शेजारी, समान मानाने लावल्या पाहिजेत, असे त्यांचे आग्रही मत होते. त्यांनी तरुण कलावंतांच्या व विद्यार्थ्यांच्या तुकड्या मध्य प्रदेशच्या खेडोपाडी धाडल्या. त्यांपैकी एक तुकडी पाटनगढला पोहोचली असता एका घराच्या भिंतीवरील हनुमानाच्या चित्राने तिचे लक्ष वेधून घेतले. ते चित्र जनगढ यांचे होते. विशीच्या उंबरठ्यावरील या तरुणाला भोपाळला आणण्यात आले आणि १३ फेब्रुवारी १९८२ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते भारत भवनाचे उद्घाटन झाले, तेव्हा त्यांची आरंभीची चित्रे तेथे मांडलेली होती.

भोपाळमध्ये जनगढ यांच्या हाती प्रथमच तयार रंग, कुंचला आणि कागद आला. त्या झगझगीत रंगांच्या पहिल्या स्पर्शाने आपल्या अंगावर शहारा आला होता, अशी आठवण ते सांगत. भारत भवनाच्या मुद्राचित्रण विभागात त्यांना नोकरी मिळाली आणि धातूच्या पत्र्यावरील व रेशमी पडद्यावरील छपाईही त्यांनी आत्मसात केली. परंतु साधने बदलली एवढ्याने नवी शैली जन्मत नसते. जनगढ यांनी खरे धाडस केले ते आशयात. बडादेव हा गोंडांचा श्रेष्ठ देव साजाच्या झाडात वसतो. त्याची मूर्ती घडविण्याची रूढी नव्हती. ठाकुरदेव, फुलवारी देवी, मरही देवी अशी दैवते परधानांच्या गाण्यात होती, पण भिंतीवर त्यांना चेहरा नव्हता. जनगढ यांनी कानांनी ऐकलेल्या देवांना डोळ्यांना दिसणारी रूपे दिली. एकेक आकृती ठिपक्यांच्या, बारीक रेघांच्या व अर्धवर्तुळांच्या रांगांनी भरून काढण्याची त्यांची रीत पाहिली, म्हणजे बान्याच्या तारेवर एकाच तालात पुन्हापुन्हा फिरणाऱ्या गजाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. यजमान उरला नाही म्हणून मुके होऊ घातलेले गाणे त्यांच्या हातून चित्रात उतरले, असे जे समीक्षकांनी म्हटले आहे त्यात अतिशयोक्ती नाही.

याचा अर्थ असा की, आज ज्याला सरसकट पारंपरिक गोंड चित्रकला म्हटले जाते, ती कागदावरील शैली १९८१ पूर्वी या रूपात अस्तित्वात नव्हती. परंपरा होती ती भिंतीची, मातीची आणि गाण्याची. तिच्यातून नवी कला घडविण्याचे कर्तृत्व जनगढ यांचे. हिंदीतील लेखक-समीक्षकांनी तिला जनगढ कलम हे नाव दिले, ते सर्वार्थाने उचित आहे.

वास्तूने दिलेली जागा

जनगढ यांच्या कलेचा वास्तुशास्त्राशी आलेला संबंध हा त्यांच्या चरित्राचा विशेष महत्त्वाचा भाग आहे. भारत भवन आणि भोपाळचे नवे विधानभवन या दोन्ही वास्तू मुंबईचे ख्यातनाम वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्या. भारत भवन त्यांनी मोठ्या तलावाच्या उतारावर असे बसविले आहे की, रस्त्यावरून येणाऱ्याला इमारत जवळजवळ दिसतच नाही. पायऱ्या उतरू लागले म्हणजे एकामागून एक चौक उघडत जातात. खेड्यातील घराचे अंगण व ओसरी यांचा विचार ज्या वास्तुशिल्पीच्या मनात मुरला होता, त्याने भिंतीला कलावंताचा हात लागावा अशी अपेक्षा धरणे स्वाभाविकच होते. पणजीच्या कला अकादमीतील प्रेक्षागृहाच्या भिंतींवर मारियो मिरांडा यांनी गोमंतकीय प्रेक्षक रंगविले आहेत, ती वास्तूही कोरियांचीच.

१९९६ साली पूर्ण झालेल्या विधानभवनाचा आराखडा वर्तुळाकार असून त्याच्या घुमटात सांचीच्या स्तूपाची आठवण आहे. या वास्तूच्या भिंती रंगविण्यासाठी ज्या कलावंतांना पाचारण करण्यात आले, त्यांत जनगढ प्रमुख होते. जेथे राज्याचे कायदे होतात आणि जंगल, जमीन व पाणी यांविषयीचे निर्णय घेतले जातात, त्या सभागृहाच्या भिंतींवर वनातील प्राण्यांचे व देवतांचे विश्व एका परधानाने उभे केले. या इमारतीला १९९८ साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. मातीच्या झोपडीतील भिंत आणि विधिमंडळाची भिंत यांच्यामधील अंतर या माणसाने अवघ्या पंधरा वर्षांत तोडले, ही घटना भारतीय गृहसजावटीच्या व वास्तुकलेच्या इतिहासात ठळक अक्षरांनी नोंदविली जावी अशी आहे.

या काळात सन्मानही चालून आले. १९८६ साली मध्य प्रदेश शासनाने त्यांना शिखर सन्मान दिला. १९८९ साली पॅरिस येथे भरलेल्या एका प्रचंड प्रदर्शनात जगभरच्या सुमारे शंभर कलावंतांबरोबर त्यांच्या कृती मांडल्या गेल्या. १९९८ साली दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयाने आदिवासी व लोककलांतील श्रेष्ठ कलावंतांचे जे प्रदर्शन भरविले, त्यात त्यांना अग्रस्थान होते. पण सन्मानांहून मोलाची गोष्ट घडत होती ती त्यांच्या भोपाळमधील घरात. पाटनगढहून येणाऱ्या भाच्या-पुतण्यांना व आप्तांना ते आश्रय देत. आपल्या मोठ्या चित्रांतील आकृत्या भरण्याचे काम देऊन त्यांचा हात तयार करीत. रात्रीची राखणदारी आणि वीजजोडणीची कामे करणारे भज्जू श्याम यांना कुंचला मिळाला तो येथेच. २०१८ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. विशेष म्हणजे या शिष्यांपैकी प्रत्येकाने आकृती भरण्याची स्वतंत्र खूण निर्माण केली. कोणाची साखळी, कोणाची बीजे, कोणाचे पाण्याचे तरंग. जाणकाराला सहीकडे न पाहताही चित्रकार ओळखता यावा. एका पगारी नोकराने स्वतःच्या तुटपुंज्या घरात चालविलेली ही पाठशाळा कोणत्याही शासकीय प्रशिक्षण योजनेहून अधिक फलदायी ठरली.

दूरदेशीचा अंत

बिहारमधील मिथिला चित्रकलेच्या प्रेमाने जपानच्या निगाता प्रांतात तोकामाची येथे एक खासगी संग्रहालय उभे राहिले आहे. तेथे राहून चित्रे काढण्यासाठी भारतातील कलावंतांना बोलावले जाई. जपानशी जनगढ यांचे जुने स्नेहबंध होते. १९८८ साली तेथील प्रदर्शनाशी त्यांचा संबंध आला होता आणि आपल्या मुलीचे नावही त्यांनी जापानी ठेवले होते. २००१ साली ते पुन्हा त्या संग्रहालयात कामासाठी गेले असता त्यांचा मुक्काम वाढला. घरी येणाऱ्या पत्रांत परतीची ओढ होती. ३ जुलै २००१ रोजी, वयाची चाळिशी जेमतेम गाठलेल्या या कलावंताने तेथेच आपले जीवन स्वतःच्या हाताने संपविले. भारतातील लेखक-कलावंतांनी तीव्र निषेध नोंदविला आणि चौकशीची मागणी केली. एका दुःखी मनाच्या अखेरच्या घटकेविषयी तर्कवितर्क करण्यात हशील नाही. परंतु परदेशी कामाला जाणाऱ्या आदिवासी कलावंताच्या करारात मुदत, मोबदला, घरी परतण्याची मोकळीक आणि आजारपणातील आधार यांची हमी कोण देतो, हा प्रश्न त्या मृत्यूने उपस्थित केला. आणि तो त्या एका संग्रहालयापुरता मर्यादित नव्हता. गुंफेचे दार ज्याच्या सुरांनी उघडले तोच शिळेखाली राहिला, ही कचारगडची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या अंताची वेदना अधिक खोलवर जाणवेल.

जनगढ गेले, पण त्यांनी उघडलेल्या वाटेने पाटनगढचे कितीतरी कलावंत बाहेर पडले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या भीमायन या चित्रमय पुस्तकात दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या दांपत्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र याच शैलीत उभे केले. तेथे पानावरील चौकटी पाडण्यासाठी रूढ सरळ रेषांऐवजी ढिगन्याच्या वळणाच्या रेषा वापरल्या आहेत. अंगणातील सारवणाची आकृती अशा रीतीने महाडच्या सत्याग्रहाच्या कथेला कुंपण झाली. दुर्गाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली. दुसऱ्या बाजूला, जनगढ यांचे कोळ्याचे एक चित्र २०१० साली न्यूयॉर्कच्या लिलावात ३१,२५० डॉलरना विकले गेले. हे चित्र त्यांनी १९८८ साली रंगविलेले होते. अशा पुनर्विक्रीत किंमत कितीही चढली, तरी ती वाढ सहसा विकणाऱ्याच्या पदरी पडते. काढणाऱ्याच्या घरापर्यंत ती आपोआप पोहोचत नाही.

नावाचा आणि दामाचा प्रश्न

येथे कायद्याची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे जनगढ यांच्या चित्रांवर त्यांच्या वारसांचा हक्क २०६१ च्या अखेरपर्यंत आहे. याच कायद्याच्या कलम ५३-अ मध्ये, दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला मूळ चित्राची पुनर्विक्री झाल्यास चित्रकाराला वा त्याच्या वारसाला जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळण्याची तरतूद आहे. पण भारतीय कायदा न्यूयॉर्कच्या लिलावापर्यंत पोहोचत नाही, आणि देशातही विक्रीची नोंद ठेवणारी व वारसाच्या वतीने मागणी करणारी यंत्रणा असल्याखेरीज अशी तरतूद कागदावरून खाली उतरत नाही. मध्य प्रदेशच्या गोंड चित्रकलेला २०२३ साली भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र या नोंदणीने प्रदेशाचे व समूहाचे नाव सुरक्षित होते. व्यक्तीचे नाव तिच्यात कोठेच येत नाही. शैलीवर तर कोणालाच कॉपीराइट मिळत नाही. याचा परिणाम असा की, ठिपक्यांचे हरीण कोणीही काढावे, कोणीही छापावे आणि त्याला आदिवासी कला असे मोघम नाव देऊन विकावे. कायदा जेथे थांबतो तेथे समाजाच्या सवयीने पुढे यावे लागते, आणि येथेच घर सजविणाऱ्या सुशिक्षित माणसाची जबाबदारी सुरू होते.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात मिथिलेच्या स्त्रियांना भिंतीवरील चित्रे कागदावर काढावयास लावून त्यांच्या चुली पेटत्या ठेवण्याच्या कामी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांचा मोठा वाटा होता. पुढे त्यांनीच डहाणू भागातील वारली चित्रांकडे लक्ष वेधले आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे जगापुढे आले. वारली लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सुवासिनींची नावे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत. आज वारली आकृत्या कपबशीपासून बसस्थानकापर्यंत सर्वत्र दिसतात. त्यांपैकी कितींखाली काढणाऱ्याचे नाव असते? संगीताच्या मैफलीत गायकाचे घराणे विचारणारा मराठी रसिक भिंतीवरील चित्राबद्दल इतका उदासीन का असावा, याचे समाधानकारक उत्तर सापडत नाही.

खुद्द कचारगडच्या परिसरातही भिंती बदलत आहेत. पक्क्या घराची गरज कोणीही नाकारू शकत नाही. गळके छप्पर हे काही संस्कृतीचे लक्षण नव्हे. परंतु पंतप्रधान ग्रामीण आवास योजनेचे पंचवीस चौरस मीटरचे घर मैदानी भागात एक लाख वीस हजार व दुर्गम भागात एक लाख तीस हजार रुपयांच्या साह्यातून उभे राहते, तेव्हा सारा हिशेब विटा, सिमेंट, सळया व मजुरी यांतच संपतो. सिमेंटच्या गिलाव्यावर छुई आणि शेणमाती नीट धरत नाही. मग ज्या हातांना दरवर्षी भिंत लिहिण्याचा सराव होता, ते हात एका पिढीत रिकामे होतात. जनगढ यांना भोपाळला नेणारी तुकडी पाटनगढला पोहोचली, त्या वेळी तेथे पाहावयास भिंत होती, हे विसरून चालणार नाही. भिंतच नसेल तर उद्याचा जनगढ कोणाच्या दृष्टीस पडणार?

उपाय अवघड नाहीत. गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांतील आश्रमशाळा, ग्रामपंचायत कार्यालये व आरोग्य केंद्रे यांच्या भिंती दरवर्षी ठेकेदाराकडून घोषवाक्यांनी रंगविल्या जातात. त्यांतील एक भिंत गावातील स्त्रियांच्या हाती, योग्य मजुरी देऊन, सोपविण्यास कोणत्याही मोठ्या निधीची गरज नाही. घरकुलाच्या आराखड्यात ओसरीची एक भिंत मातीच्या लेपाची ठेवण्याची मुभा देता येईल. शाळांतील चित्रकलेच्या तासाला राजा रविवर्म्याच्या जोडीने जनगढसिंह श्याम यांचेही चरित्र सांगता येईल. आणि मध्यमवर्गीय गृहस्थाला तर याहूनही सोपी गोष्ट करता येण्यासारखी आहे. दिवाणखान्यासाठी असे चित्र घेताना ते कोणी काढले हे त्याने विचारावे, पैसे कोणाकडे जातात याची चौकशी करावी आणि छापील नकलेपेक्षा, आकाराने लहान का होईना, सही असलेले मूळ चित्र घ्यावे. त्या सहीला मोल आहे. कारण ती मिळविण्यासाठी पाटनगढच्या एका गुराख्याला आपले अवघे आयुष्य वेचावे लागले.